दोन पट्ट्यांचा दगड

२००६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या टेक्सास प्रांतातले एक फुप्फुसांचे डॉक्टर आपल्या रोग्यांविषयी जे जे बोलत होते, ते सगळं शाहूवाडी तालुक्यातल्या एका टेम्पोत टाइप होत होतं. टेम्पो मिरची कांडपाचा होता. ही गोष्ट त्या डॉक्टरांना ठाऊक नव्हती आणि मिरची घेऊन येणाऱ्या बायकांनाही नव्हती. ठाऊक होती ती प्रसेनजीत धनवडेला, आणि त्याने ती कुणाला सांगितली नाही. दोन्हीकडचे लोक चांगले होते. उगाच त्यांच्या मनात शंका कशाला घाला.

प्रसेनजीतच्या वडिलांचं, बाबासोंचं, कांडप मूळचं कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका बोळात. उन्हाळा लागला की पेठेतल्या घराघरांतून वर्षाच्या मसाल्याची मिरची तिथं यायची आणि लोखंडी मुसळांखाली दिवसभर कुटली जायची. बोळात शिरणारा माणूस शिंकल्याशिवाय बाहेर पडत नसे. शेजारी एक दवाखाना होता. तिथं सर्दीचे रोगी वाढले तेव्हा डॉक्टर काही बोलले नाहीत. पुढे डॉक्टरांनाच सर्दी झाली तेव्हा महापालिकेत अर्ज गेला. १९९४ साली बाबासोंनी यंत्र उचलून एका टेम्पोवर बसवलं, डिझेल इंजिन जोडलं आणि शाहूवाडीच्या डोंगरी गावांची वाट धरली. तिकडं कांडप नव्हतं आणि अर्ज करणारंही कुणी नव्हतं.

तेव्हापासून फेब्रुवारी ते मे हे कुटुंब टेम्पोत राहायचं. मागे यंत्र, मधे ट्रंक, स्टोव्ह आणि अंथरुणं, पुढे केबिनमध्ये प्रसेनजीतची शाळेची पुस्तकं. प्रत्येक गावाला पंधरा दिवसांनी फेरी. गावाचा वार ठरलेला असे आणि तो चुकला तर बायका पुढच्या खेपेला कारण विचारत. २००१ साली बाबासो हृदयविकाराने गेले. एवढी वर्षं मिरचीत काढून त्यांची फुप्फुसं शेवटपर्यंत ठणठणीत होती, असं डॉक्टरांनी आश्चर्याने सांगितलं. मग यंत्र प्रसेनजीतच्या आईने, मीनाबाईंनी, हातात घेतलं आणि स्टिअरिंग मुलाने.

मुलगा इंग्रजी घेऊन बी.ए. झाला होता. कोल्हापुरात एका जिन्याखालच्या संस्थेत त्याने अमेरिकन डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करण्याचं शिक्षण घेतलं. कानाला यंत्र लावायचं, डॉक्टर बोलेल ते लिहायचं. पुष्कळ डॉक्टर तोंडात घास ठेवूनच बोलतात हे त्याला तिथं कळलं. पुण्याच्या एका कंपनीने त्याला घरबसल्या काम दिलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. सकाळी आलेल्या फाईली दुपारी चारच्या आत परत पोचल्या पाहिजेत, कारण चारनंतर तिकडं टेक्सासात उजाडतं आणि डॉक्टर कागद मागतात. तीन वेळा उशीर झाला की काम बंद. उशीर झाला नाही तर एकतीस मेनंतर नेमणुकीचं पत्र.

मीनाबाईंना लिहिता-वाचता यायचं ते सहीपुरतं. पण मुलाची सगळी प्रमाणपत्रं त्यांनी एका प्लास्टिकच्या फाईलीत, एकेका पारदर्शक पाकिटात, क्रमाने लावून ठेवली होती. शेवटचं पाकीट रिकामं होतं. मार्च महिन्यापासून ते रिकामंच ठेवलेलं होतं, आणि ते कशासाठी आहे हे दोघांपैकी कुणीही बोलून दाखवलेलं नव्हतं.

आता घरबसल्या काम म्हटलं तर घर हे असं चार चाकांवर. कोल्हापुरात थांबावं तर टेम्पो कोण चालवणार? त्याच तालुक्यातल्या मलकापूरच्या इंटरनेट कॅफेत बसावं तर तिथं वीज जायची, आणि पहिला उशीर तिथंच झाला: एका म्हाताऱ्याच्या दम्याचं वर्णन अर्ध्यावर पोचलं होतं, पंखा थांबला, पडदा काळा झाला, आणि कॅफेवाल्याने सगळ्यांना एकदमच सांगितलं की आता सहा वाजता या.

मग प्रसेनजीतने जुना लॅपटॉप घेतला. त्याची बॅटरी मेलेली होती, म्हणून तो परवडला. मोबाईल फोन वायरने त्याला जोडला की हळूहळू का होईना इंटरनेट चालायचं. विजेचा प्रश्न कबनूरच्या गुंडूने सोडवला. गुंडू यंत्रमागांच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याने कांडपाच्या इंजिनाच्या पट्ट्यावरच एक छोटा जनरेटर बसवला. इंजिन चालू, की मिरचीही कुटायची आणि लॅपटॉपही चालायचा. एक बारीकशी अडचण होती, ती गुंडूने जाताना सांगितली.

"मुसळं रिकामी ठिवू नगा. मिरची नसली की इंजान पळतंय, आणि करंट चढला की तुमचा काँप्युटर जातोय."

म्हणजे खाली मिरची असली तरच वर इंग्रजी. एकदा चाफेवाडीत मिरची संपली, इंजिन पळालं आणि लॅपटॉपचा चार्जर धूर सोडून निवर्तला. दुसरा उशीर तो. त्यानंतर पुण्याहून संयोगिता मॅडमचा फोन आला. या मॅडम फाईली तपासायच्या आणि त्यांचा स्वभाव फाईली तपासणाऱ्याचाच होता. त्यांनी आठवण करून दिली की आता एकच उरला. मग म्हणाल्या, "आणि तुमच्या शेजारचं ते बांधकाम अजून चालूच आहे का? धाड धाड आवाज येतो सारखा."

"हो मॅडम. मोठं काम आहे."

"आणि तुम्हाला सर्दी आहे का?"

"ती आहेच मॅडम."

वाघझरी हे त्या फेरीतलं शेवटचं गाव. तिथं खाली वस्तीत रेंज नव्हती. वर सडा होता, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. जिकडं पाहावं तिकडं सारखंच लाल आणि सारखंच सपाट. कुणाच्या काही उपयोगाचा नाही, पण सातबाऱ्यावर बहुतेक सगळा वाट्यावाट्याने व्यवस्थित वाटलेला. प्रसेनजीत फोन बांबूच्या टोकाला बांधून, बांबू पुढे धरून, त्या सड्यावर एक अख्खी सकाळ फिरला. एका ठिकाणी, डोंगराच्या खिंडीतून कुठलातरी टॉवर दिसत असावा, फोनवर दोन कांड्या उभ्या राहिल्या. दोन पावलं इकडं सरकलं की एक, तिकडं सरकलं की शून्य. जागा हरवू नये म्हणून त्याने तिथल्या एका धोंड्यावर चुन्याने दोन उभ्या पट्ट्या ओढल्या आणि टेम्पो तिथंच लावला.

आता मिरची वर आली पाहिजे. मीनाबाई खाली गेल्या आणि बायकांना म्हणाल्या की खालची हवा दमट, मसाला वर सड्यावर चांगला कुटतो. हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की बायका पाट्या घेऊन चढ चढून आल्या. घरी जाऊन त्यांनी चव पाहिली आणि फरक आहे असं सांगितलं. तेव्हापासून वाघझरीचं कांडप सड्यावर.

गावातल्या पुरुषांनी मात्र हे वेगळ्या तऱ्हेने पाहिलं. बांबू धरून फिरणारा माणूस पाहून पहिल्यांदा त्यांना वाटलं, पाणाड्या आहे. विहिरीला पाणी कुठं लागेल ते सांगेल. पण पाणाड्याच्या हातात नारळ असतो, फोन नसतो. शेवटी सरपंच हंबीरराव यांनी उलगडा केला. तालुक्याच्या गावी त्यांच्या पाहुण्याच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसला होता, महिन्याला भाडं येत होतं आणि पाहुणा तेव्हापासून दुपारी झोपायला लागला होता. टॉवर बसण्याआधी तिथंही असाच एक माणूस काहीतरी हातात धरून फिरला होता आणि भिंतीवर खूण करून गेला होता. तेव्हा हा कांडपवाला नुसता कांडपवाला नाही.

पुढच्या फेरीला हंबीररावांनी मायलेकांना घरी बोलावलं. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. चहा झाला, पोहे झाले. हंबीररावांनी सड्यावरच्या आपल्या वाट्याचा सातबारा आणून प्रसेनजीतच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "पावणं, जागा बगा की. अडचान काय बी न्हाय."

प्रसेनजीतने खरं ते सांगितलं. आपण टॉवरवाले नाही, अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करतो, म्हणून रेंज लागते. हंबीरराव समजुतीने हसले. सरकारी माणसं अशीच बोलतात हे त्यांना माहीत होतं.

वाटेत मीनाबाई म्हणाल्या, "बारा वर्सं ह्यांची मिरची कांडतोय मी. खुर्ची आज दिसली."

"आई, आपन सांगितलं की त्यांना, टॉवरचं न्हाय म्हनून."

"सांगितलंस ते बरं केलंस. पर त्यांनी ऐकलं न्हाय तेबी बरं झालं. पोहे चांगले हुते."

आता टॉवर येणार, आणि जागा पट्ट्यांच्या दगडाची, हे एकदा ठरल्यावर गावाने जे केलं त्यात कुणाला काही गैर वाटायचं कारण नव्हतं. बांधाचा दगड दरवर्षी वीतभर पुढं सरकवणं हा तिकडचा जुना रिवाज आहे. त्यासाठी पहारी, माणसं आणि सवय सगळं तयार असतं. टॉवर दगडावर बसतो, दगड हलतो, तेव्हा टॉवरही हलतो. हंबीररावांच्या गड्यांनी पट्ट्यांचा धोंडा उचलून सरपंचांच्या वाट्यात आणून बसवला. दोन दिवसांनी शेजारच्या वाट्याचे मालक आकाराम यांनी तो आपल्यात नेला. मग पुन्हा सरपंच. अशा फेऱ्या झाल्यावर आकारामांच्या लक्षात आलं की दगड उचलण्यापेक्षा चुना स्वस्त आहे. त्यांनी आपल्याच एका धोंड्यावर पट्ट्या ओढल्या, आणि ओढायच्याच तर दोनच कशाला, म्हणून पाच ओढल्या.

मे महिन्याचा शेवटचा शुक्रवार आला. बोलीचे पाच दिवस उरले होते. प्रसेनजीतने सकाळी मलकापुरात फाईली उतरवून घेतल्या आणि अकराच्या सुमाराला टेम्पो सड्यावर चढवला. दोन पट्ट्यांचा दगड लांबूनच दिसला. टेम्पो त्याला लावला, फोन बांबूवर चढवला. रेंज नव्हती. कधीकधी वारं फिरलं की ती यायची, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. बायका रांगेत होत्या. मुसळं सुरू झाली, लॅपटॉप सुरू झाला, डॉक्टर एका बाईच्या उजव्या फुप्फुसाबद्दल बोलू लागले.

पावणेतीनला टाइप करून संपलं. फोनवर अजून शून्य. तेव्हा त्याने मान वर करून नीट पाहिलं आणि त्याला दुसरा दगड दिसला. त्यावर तीन पट्ट्या होत्या. त्याच्या पलीकडे चार पट्ट्यांचा; बाकीचे वाटेकरीही स्वस्थ बसले नव्हते. त्यापलीकडे आकारामांचा पाच पट्ट्यांचा, ताज्या चुन्याने चकाकत होता.

प्रसेनजीतने टेम्पो हलवला. तीन पट्ट्यांवर शून्य, चार पट्ट्यांवर शून्य. पाच पट्ट्यांवर फोनने थोडा विचार केला आणि शून्य दाखवलं. मागून बायका आपापल्या पाट्या घेऊन प्रत्येक दगडापर्यंत चालत येत होत्या, आणि आज कांडप एका जागी का थांबत नाही, असं मीनाबाईंना विचारत होत्या. मलकापूर दीड तासावर. सव्वातीन वाजले होते.

शेवटची मिरची कुटून झाली तशी मीनाबाईंनी इंजिन बंद केलं आणि पाटीशी बसलेल्या तानाबाईंकडे पाहिलं. तानाबाई वाघझरीतल्या, वय झालेल्या, आणि सड्यावर म्हैस चारायला रोज येणाऱ्या त्या एकट्याच. त्यांची चंद्री नावाची म्हैस तिथंच बाजूला उभी होती.

"आक्का, त्यो दोन पट्ट्यांचा दगुड तितलाच का?" मीनाबाईंनी विचारलं.

"कुटला तितला. त्यो सरपंचाच्या गड्यांनी आनलाय. मग आकारामानं नेलाय. मग परत आनलाय. मी बसून बगत हुतो की."

"मग पैला कुटं हुता?"

तानाबाईंनी सड्यावर नजर फिरवली. लाल, सपाट, सगळीकडे सारखं.

"ते मला न्हाय सांगता यायचं," त्या म्हणाल्या. "म्हशीला म्हाईत हाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी कांडप जिथं उभं होतं तिथं मिरचीची पूड पडली होती. जमीन मुळातच लाल, त्यामुळे डोळ्याला काही दिसत नाही. पण त्या जागेच्या जवळून गेली की चंद्री शिंकायची. दोन दिवस तिने तिथलं गवत तोंडात घेतलं नाही, आणि परवासुद्धा तिकडून जाताना एकदा शिंकली.

प्रसेनजीतला तीन महिन्यांत पहिल्यांदाच असं वाटलं की कुणीतरी त्याच्याशी शास्त्रीय भाषेत बोलत आहे. त्याने तानाबाईंना हात जोडले आणि टेम्पो चालू केला.

पुढे चंद्री, तिच्यामागे तानाबाई, त्यांच्यामागे बांबू धरून मीनाबाई, मग पहिल्या गिअरमध्ये टेम्पो आणि शेवटी बायका. ही मिरवणूक खालून दिसली. हंबीरराव आणि आकाराम दोघेही, टॉवरचा शेवटचा निकाल आहे असं समजून, धापा टाकत वर आले. म्हशीवर निकाल लागणार हे कळल्यावर त्यांना नवल वाटलं नाही. सरकारात काय काय चालतं हे दोघांनीही पाहिलेलं होतं. हंबीररावांनी गड्याला पिटाळून हिरव्या वैरणीची पेंढी आणवली आणि ती हातात धरून ते आपल्या वाट्यात उभे राहिले. आकाराम आपल्या वाट्यातून तोंडाने 'हाऽर्र हाऽर्र' करू लागले. हंबीररावांनी त्यांना म्हशीला भुलवू नका असं बजावलं. आकारामांनी हातातल्या पेंढीबद्दल चौकशी केली.

चंद्रीने पेंढीकडे पाहिलं, आणि रस्ता बदलला नाही. ती दोघांच्याही वाट्यांच्या मधून, सड्याच्या टोकाकडे, रमतगमत चालत गेली. तीन पस्तीस. तीन चाळीस. एका ठिकाणी तिने मान खाली घातली, थबकली, आणि सगळ्या अंगातून एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा शिंकली.

मीनाबाईंनी बांबू वर केला. "दोन," त्या म्हणाल्या.

जागा गायरानाची होती. सातबाऱ्यावर कुणाचंही नाव नाही, सगळ्या गावाची जनावरं चरायची पडीक जमीन. हंबीरराव आणि आकाराम यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या महिन्यात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं. दोघांच्याही चेहऱ्यावर म्हशीविषयी सारखीच नाराजी होती. वैरणीची पेंढी मात्र हंबीररावांच्या हातातच राहिली होती. ती त्यांनी थोडा वेळ धरली आणि मग चंद्रीपुढे टाकली.

प्रसेनजीतने टेम्पो लावला, वायर जोडली. मीनाबाई इंजिनाकडे गेल्या आणि थांबल्या. मुसळाखाली टाकायला मिरची नव्हती. सगळ्यांची कुटून झाली होती. बायकांच्या पाट्यांत तयार मसाला होता, वर्षभराचा, झाकून बांधलेला.

कुटलेला मसाला पुन्हा कुटायला देणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक बाईला कळत होतं. मग तानाबाईंनी आपल्या पाटीवरचं फडकं सोडलं.

"त्याचं काय तरी मोटं दिसतंय," त्या मीनाबाईंना म्हणाल्या. "वता ह्यो."

"आक्का, पीठ हुईल त्याचं."

"हुंदे. दात हाईत कुटं मला."

मुसळं पडू लागली. लाल धुराळा उठला. सरपंच शिंकले, आकाराम शिंकले, चंद्री पेंढी तोंडात धरून लांब गेली. चार वाजायला सहा मिनिटं कमी असताना टेक्सासमधल्या त्या बाईचं उजवं फुप्फुस वाघझरीच्या गायरानातून निघालं, आणि चार वाजायला एक मिनिट असताना पोचलं.

चार वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. संयोगिता मॅडम म्हणाल्या, "मिळाली फाईल." मागे चंद्री रेकली, तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या इथं म्हैस आहे का?"

"आहे मॅडम."

"आणि बांधकाम?"

"ते आता संपत आलंय."

उरलेले दिवस मलकापूरच्या आसपासच्या गावांत गेले आणि पुन्हा उशीर झाला नाही. नेमणुकीच्या आधी कंपनीचा एक फॉर्म भरायचा होता. इंटरनेट कोणत्या प्रकारचं, किती वेग, हे रकाने भरून झाले. शेवटचा रकाना होता, इंटरनेट न मिळाल्यास पर्यायी व्यवस्था काय. प्रसेनजीतने त्याच्यावर बराच विचार केला. तीन महिन्यांत शेजाऱ्यांच्या बांधकामाबद्दल तो पुरेसं खोटं बोलला होता. पहिल्याच कागदावर आणखी नको असं त्याला वाटलं. त्याने लिहिलं, 'म्हैस (तानाबाईंची, वाघझरी).' फॉर्म परत आला नाही. पुण्यात तो कुणी वाचला असेल तर त्याला ते कुठल्याशा स्थानिक कंपनीचं नाव वाटलं असावं.

पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात मेलने आलं. मलकापूरच्या त्याच कॅफेत, वीज होती तेवढ्यात, ते छापून घेतलं. मीनाबाईंनी हात पदराला पुसले, पत्र दोन्ही हातांनी धरून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खाली प्रसेनजीतचं नाव कुठं आहे ते त्याला बोटाने दाखवायला लावलं. मग ते शेवटच्या पाकिटात सरकवलं. हात पुसले तरी बोटाला थोडी मिरची राहिलीच होती. कागदाच्या कोपऱ्यावर तिचा डाग आहे.

टॉवर पुढे दोन वर्षांनी आला. मोजणीचा माणूस खऱ्या यंत्रासह सड्यावर एक दिवस फिरला. तोपर्यंत तिथं पट्ट्यांचे अकरा दगड झाले होते आणि सर्वांत मोठ्यावर नऊ पट्ट्या होत्या. त्याने एकाही दगडाकडे पाहिलं नाही. टॉवर पलीकडच्या गावात झाला.

तानाबाईंचा त्या वर्षीचा मसाला कुंकवासारखा बारीक निघाला. कालवणात तो दिसायचा नाही, नुसता लागायचा. पुढच्या फेब्रुवारीत कांडप वाघझरीला आलं तेव्हा गावातल्या सात बायकांनी मीनाबाईंना सांगितलं की आमचाही दोनदा कुटा.